तुरुंगातला धर्म आणि कैद्याचा होकार



तुरुंगात धर्म नेला तर कैदी सुधारतो काय, हा प्रश्न आजच्या व्याख्यानासाठी आम्ही निवडला आहे. भजनी मंडळे सणावाराला तुरुंगात जातात, कोणी गीतेच्या प्रती वाटतो, कोणी ध्यानाची शिबिरे भरवतो, आणि अशा कामांसाठी वर्गणी मागायला लोक आपल्याच दारात येतात. वर्गणी द्यावी की न द्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे. पण देण्यापूर्वी काय विचारावे, हे इतिहासाकडून शिकून घेतलेले बरे. कैद्याला धर्माच्या वाटेने माणसांत आणण्याचा फार मोठा, फार खर्चिक आणि, आमच्या मते, फार प्रामाणिक प्रयोग अमेरिकेत झाला. म्हणून आज आपल्याला बराच वेळ फिलाडेल्फिया शहरात काढावा लागेल.

अठराव्या शतकापर्यंत तुरुंग ही बहुधा शिक्षा नसे. ती शिक्षेची वाट पाहण्याची जागा असे. शिक्षा म्हणजे फटके, खोडा, डागणी, नाहीतर फाशी. पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८६ साली कायदा करून पुष्कळ गुन्ह्यांची फाशी काढून टाकली आणि तिच्या जागी सक्तमजुरी आणली. डोकी भादरलेले, पायांत बेड्या घातलेले कैदी शहराचे रस्ते झाडू लागले. लोक त्यांना ‘हातगाडीवाले’ म्हणत, त्यांची टवाळी करीत. कैदीही उलटून शिव्या देत. हा तमाशा पाहून डॉक्टर बेंजामिन रश अस्वस्थ झाले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक. चारचौघांत दिलेल्या शिक्षेने अपराधी निर्लज्ज होतो आणि पाहणारा निर्दय होतो, असे त्यांनी १७८७ साली फ्रँकलिनच्या घरी वाचलेल्या निबंधात मांडले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सार्वजनिक तुरुंगांतील हालअपेष्टा कमी करण्यासाठी फिलाडेल्फियात एक संस्था निघाली. तिचे अध्यक्ष बिशप व्हाइट होते, आणि तिच्या कार्यकर्त्यांत क्वेकर पंथाच्या लोकांचा भरणा मोठा होता.

या संस्थेच्या आरंभीची एक हकीकत तिच्या इतिहासात नमूद आहे. रेव्हरंड विल्यम रॉजर्स वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात कैद्यांपुढे प्रवचन करायला गेले. तुरुंगाधिकाऱ्याला ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. त्याने प्रवचनकाराशेजारी एक भरलेली तोफ उभी केली, तिच्याजवळ पेटती वात हातात घेतलेला माणूस ठेवला, आणि तोफेचे तोंड श्रोत्यांकडे वळवले. प्रवचन निर्विघ्न पार पडले! कैद्यांनी ते मनापासून ऐकले की तोफेकडे पाहत ऐकले, हे कोणी त्यांना विचारले नाही. आज सांगणार आहोत त्या साऱ्या इतिहासात ही तोफ या ना त्या रूपाने पुन्हा भेटेल.

आता क्वेकर कोण, हे सांगितले पाहिजे. हे स्वतःला ‘मित्र’ म्हणवतात. प्रत्येक माणसाच्या अंतरात ईश्वरी प्रकाश आहे, त्यासाठी मध्यस्थ नको, अशी त्यांची धारणा. त्यांच्या जुन्या उपासनेत पुरोहित नाही, वाद्य नाही. सारे एका खोलीत मौन धरून बसतात आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो उठून बोलतो. गुलामगिरीविरुद्ध अमेरिकेत जे पहिले आवाज उठले त्यांत यांचा आवाज होता. अशा माणसांच्या मनात दुष्टपणा होता, असे कोणीही म्हणणार नाही. ज्या मौनाने आपल्याला शांती दिली ते मौन चोरालाही द्यावे, इतकाच त्यांचा सरळ विचार होता. मात्र या देवघेवीत एक गोष्ट निसटली. क्वेकर मौन धरीत तो दहाजणांत बसून, आणि सभा संपली की शेजाऱ्याचा हात हातात घेऊन घरी जात. कैद्याला त्यांनी दिले ते एकट्याचे मौन, आणि तेही वर्षानुवर्षांचे.

वॉलनट स्ट्रीटच्या तुरुंगात १७९० साली अशा १६ एकांत कोठड्या बांधल्या गेल्या. पुढे २५ ऑक्टोबर १८२९ रोजी शहराबाहेर चेरी हिलवर ‘ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी’ उघडली. पेनिटेन्शरी या शब्दातच पश्चात्ताप आहे. आपण तिला पश्चात्तापगृह म्हणू. जॉन हॅव्हिलंड नावाच्या स्थापत्यकाराने ते बांधले. मध्ये एक गोल दालन, आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात ओळी. खर्च पावणेआठ लाख डॉलरांच्या पुढे गेला. त्या काळच्या अमेरिकेत इतक्या महागड्या इमारती थोड्याच होत्या. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, तिला लागून त्याच्यापुरते चिमुकले अंगण, वाहत्या पाण्याचा शौचकूप आणि छतात एक झरोका. वरून येणारा प्रकाश तेवढा ईश्वराचा, असा त्या झरोक्याचा अर्थ लावला जाई. कोठडीत पुस्तक एकच, बायबल. कैद्याला आत आणताना डोक्यावरून टोपडे ओढीत, म्हणजे त्याला वाट दिसू नये आणि कोणाला त्याचा चेहरा दिसू नये. त्याला नावाऐवजी क्रमांकाने ओळखीत. घरचे पत्र नाही, बाहेरची बातमी नाही. भेटायला येणार ते तुरुंगाचे अधिकारी, धर्मोपदेशक आणि त्या संस्थेचे सभासद.

पहिला क्रमांक ज्याला मिळाला त्याचे नाव चार्ल्स विल्यम्स. वय १८, वर्णाने काळा, धंदा शेतमजुरी. त्याने २० डॉलरांचे एक घड्याळ, ३ डॉलरांचा सोन्याचा शिक्का आणि एक सोन्याची किल्ली चोरली होती. शिक्षा दोन वर्षे एकांतवास. पश्चात्तापाच्या त्या भव्य मंदिराचा पहिला भक्त हा असा होता. त्याच्या पोटाचा, धंद्याचा, परतून गेल्यावर कोण काम देणार याचा विचार त्या आराखड्यात कोठे होता, असे आम्हांला विचारावेसे वाटते. पाप त्याच्या आत आहे असे एकदा ठरवले की बाहेरचे पाहण्याची गरज उरत नाही.

१८३१ साली फ्रान्सचे दोन तरुण अधिकारी, बोमाँ आणि तोकव्हिल, अमेरिकेचे तुरुंग पाहायला आले. तोकव्हिलने चेरी हिलमध्ये एकेका कोठडीत जाऊन कैद्यांशी पहारेकऱ्यांच्या गैरहजेरीत बोलणे केले. कैद्याचे म्हणणे कैद्यालाच विचारून टिपून घेण्याचा हा एक दुर्मिळ प्रसंग, म्हणून त्याचे मोल मोठे आहे. कोठडीत जोडे शिवण्याचे, विणण्याचे काम मिळे. त्या कामावाचून येथे जगता आले नसते, असे कैद्यांनी सांगितले. रविवारी काम बंद असे, आणि तो दिवस सरता सरत नाही, असेही बोलण्यात आले. ज्या दिवसासाठी ती सारी इमारत उभारली होती तो देवाचा वार कैद्याला सर्वांत जड जात होता! हात चालू असले तर मन ठिकाणावर राहते, हे कोणाही कामगाराला सांगावे लागत नाही.

१८४२ साली चार्ल्स डिकन्स त्या तुरुंगात आला. ही योजना आखणाऱ्यांचा हेतू दयेचा आहे हे त्याने मान्य केले, पण आपण काय करीत आहोत हे त्यांना कळत नाही, असे त्याने लिहिले. मेंदूशी चाललेला हा संथ, रोजचा खेळ शरीराच्या कोणत्याही छळाहून वाईट आहे, कारण त्याचे व्रण दिसत नाहीत आणि त्याची किंकाळी ऐकू येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. संस्थेच्या कैवाऱ्यांनी त्याला खोटे ठरवण्याचा पुष्कळ यत्न केला. पण कालांतराने कोठड्यांत दोन दोन कैदी ठेवावे लागले, आणि १९१३ साली ती पद्धत अधिकृतपणे सोडण्यात आली. तुरुंग १९७१ पर्यंत चालला. आज तेथे संग्रहालय आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नच्या तुरुंगाने दुसरी वाट घेतली. तेथे १८२१ च्या अखेरीस ऐंशीएक कैद्यांना कामाशिवाय निखळ एकांतात कोंडून पाहिले. कित्येक आजारी पडले, काही मेले, काहींना वेड लागले. तेव्हा रात्री एकांत आणि दिवसा एकत्र काम, पण तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी रीत बसवण्यात आली. शब्द निघाला की चाबूक. लुई ड्वाइट या धर्मोपदेशकाने काढलेल्या बोस्टनच्या संस्थेने या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. फिलाडेल्फिया खरी की ऑबर्न खरी, यावर धर्मनिष्ठ मंडळींत वर्षानुवर्षे वाद चालला. राज्यांनी मात्र बहुधा ऑबर्न पत्करली, आणि त्याचे कारण पोथीत सापडत नाही, जमाखर्चाच्या वहीत सापडते. ऑबर्नमध्ये कैद्यांची मजुरी ठेकेदारांना विकता येई आणि तुरुंगाचा खर्च निघे. १८३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या कारागिरांनी सभा भरवून या स्वस्त मजुरीविरुद्ध तक्रार केली. त्यांच्या तक्रारीत कैद्यांबद्दल कळवळा थोडा आणि स्वतःच्या पोटाची काळजी अधिक होती, हे आम्ही कामगार चळवळीतले असूनही कबूल केले पाहिजे. तरी एक गोष्ट त्यांनी उघडी केली. सुधारणेच्या नावाने चाललेल्या कामात कोणाला किती पैसा मिळतो, हे पाहिल्याशिवाय ते काम समजत नाही.

येथे कोणी म्हणेल, तात्पर्य इतकेच की तुरुंगात धर्म नको. तसे आम्हांला म्हणावयाचे नाही. याच क्वेकर पंथातल्या एका बाईने अटलांटिकच्या दुसऱ्या तीरावर निराळेच करून दाखवले होते. एलिझाबेथ फ्राय ही लंडनच्या सुखवस्तू घरातली, बरीच मुले असलेली गृहिणी. न्यूगेटच्या तुरुंगात ती १८१३ साली प्रथम गेली, तेव्हा स्त्रिया आणि त्यांची मुले घाणीत, थंडीत, दारूच्या वासात कोंबलेली तिला दिसली. १८१७ साली तिने तेथे आधी मुलांची शाळा काढली, आणि मग स्त्री-कैद्यांसाठी मंडळ स्थापन केले. नियम तयार झाले: शिवणकाम करायचे, शिव्या व जुगार बंद, बायबल ऐकायचे, गटागटाला एक प्रमुख नेमायची. पण हे नियम तिने भिंतीवर चिकटवून दिले नाहीत. सर्व स्त्रियांना एकत्र बसवून एकेक नियम वाचला, आणि ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावे असे सांगितले. हात वर झाले. त्यांनी तयार केलेल्या कपड्यांना आणि मोज्यांना गिऱ्हाईक शोधले. माल बॉटनी बेच्या वसाहतीसाठी घेणारी पेढी मिळाली.

पंथ तोच, ग्रंथ तोच, काळही जवळपास तोच. एका ठिकाणी कैद्याच्या डोक्यावर टोपडे, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या वर केलेल्या हाताची मोजणी. म्हणून कोणता धर्म शिकवला यापेक्षा, शिकवणाऱ्याने कैद्याचा होकार मागितला काय, हा प्रश्न आम्हांला मोठा वाटतो. हाताची मोजणी तुरुंगात कितपत मोकळी असते, ही शंका रास्त आहे. पण मोजणीच केली नाही तर शंका घ्यायलाही जागा उरत नाही.

फिलाडेल्फियाच्या कल्पनेचे पुढे काय झाले हे आपल्या देशाला चांगले ठाऊक आहे. एक कैदी एक कोठडी आणि मध्यातून निघालेल्या ओळी, हा घाट जगभर गेला. अंदमानातील सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधली गेली. मध्ये मनोरा, सात ओळी, सातशेच्या घरात कोठड्या. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ साली तेथे गेले. तेथे पश्चात्तापाची वाट कोणी पाहत नव्हते. तेथे कोलू फिरवून खोबरेल काढून घेत होते. फिलाडेल्फियाच्या सज्जनांनी श्रद्धेने जी भिंत बांधली तिच्यातून श्रद्धा निघून गेली, भिंत राहिली. दयाळू माणसाने एखादी जबरदस्तीची व्यवस्था निर्माण केली, तर तो गेल्यावर ती निर्दयाच्या हाती आयती पडते. सज्जनांनीही सावध राहावे ते यासाठी.

आता जवळच्या काळाकडे येऊ. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार चार्ल्स कोल्सन १९७४ साली न्यायात अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल करून तुरुंगात गेले. सात महिन्यांनी ते बाहेर आले ते धर्मनिष्ठ ख्रिस्ती म्हणून, आणि १९७६ साली त्यांनी ‘प्रिझन फेलोशिप’ ही संस्था काढली. तिने १९९७ साली टेक्सासमधील एका तुरुंगात दिवसरात्र बायबलवर आधारलेला उपक्रम सुरू केला. तेव्हाचे तेथील गव्हर्नर जॉर्ज बुश यांचा त्याला पाठिंबा होता. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्याची पाहणी प्रसिद्ध झाली. उपक्रम पुरा करणाऱ्यांपैकी दोन वर्षांत पुन्हा तुरुंगात गेलेले शेकडा ८, आणि तशाच इतर कैद्यांपैकी शेकडा २०.३, असा आकडा वर्तमानपत्रांत झळकला. टाळ्या पडल्या.

श्रोतेहो, येथे थोडे थांबून हिशेब तपासू. उपक्रमात शिरलेले कैदी १७७. ‘पुरा केलेले’ ७५. पुरा करणे म्हणजे काय? सोळा महिने आत, सहा महिने बाहेर देखरेखीखाली, आणि त्याशिवाय तीन महिने सलग नोकरी टिकवलेली व चर्चमध्ये नियमित हजेरी. म्हणजे ज्याला नोकरी मिळाली नाही किंवा जो मध्येच पुन्हा पकडला गेला, तो ‘पुरा केलेल्यां’त धरलाच नाही! सर्व १७७ जण मोजले तर पुन्हा तुरुंगात गेलेले शेकडा २४.३ निघतात, म्हणजे इतरांहून थोडे जास्तच. हे आकडे त्याच पाहणीत छापलेले होते, आणि मार्क क्लाइमन या अभ्यासकाने त्याच वर्षी त्यांकडे बोट दाखवले. संप शेवटपर्यंत लढवणाऱ्यांचीच नावे मोजली तर प्रत्येक संप शंभर टक्के यशस्वी ठरेल. मध्येच कामावर गेले ते का गेले, हे ज्याला कळते त्यालाच पुढचा संप चालवता येतो. आणि शेकडा ८ या आकड्यात बायबलचा वाटा किती आणि नोकरीचा वाटा किती, हे वेगळे काढून कोणी दाखवले नाही.

हाच उपक्रम आयोवा राज्यात न्यूटनच्या तुरुंगात १९९९ साली सुरू झाला. तेथे त्यातल्या कैद्यांना राहायला मिळाला तो विभाग पूर्वी चांगल्या वागणुकीच्या कैद्यांचा होता: लाकडी दारे, कैद्याच्या हाती खोलीची किल्ली, शौचाला आडोसा. खर्चाचा काही भाग सरकारी पैशातून गेला, आणि त्यात कैदी घरी दूरध्वनी करीत त्यातून जमलेल्या निधीचाही पैसा होता. मुलाच्या आवाजासाठी मोजलेला पैसा एका पंथाच्या उपदेशाकडे वळला. ज्याला तो उपदेश आपल्या धर्माविरुद्ध वाटला त्याला त्या खोलीची वाट बंद. न्यायमूर्ती रॉबर्ट प्रॅट यांनी २००६ साली हा उपक्रम संविधानाविरुद्ध ठरवला. अपील न्यायालयाने २००७ साली, पैसे परत करण्याच्या हुकमात काटछाट करून, मूळ निर्णय कायम ठेवला. तेथे तोफ नव्हती. तेथे किल्ली होती, आणि किल्लीनेही तेच काम केले.

याउलट ब्राझीलमध्ये साओ जोसे दोस काम्पोस या शहरात मारियो ओत्तोबोनी या वकिलाने १९७२ पासून कॅथलिक सहकाऱ्यांबरोबर जे काम उभारले, त्यात प्रार्थना तर आहेच. पण तशा केंद्रांत हत्यारी पहारा नाही, किल्ल्या कैद्यांकडे असतात आणि रोजचा कारभार पाहायला त्यांची स्वतःची समिती असते. न्यूगेटचा हात वर करणे तेथे पुढच्या पायरीवर गेले, असे आम्ही मानतो.

आपल्याकडेही दाखले आहेत. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सांगणारा, लिहिणारा आणि ऐकणारे, सारे एकाच भिंतीच्या आतले होते. सुटका करून देणे सांगणाऱ्याच्या हाती नव्हते, म्हणून ऐकण्यात लाचारी नव्हती. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली, तिच्यावरून १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट झाला, हे आपण जाणताच. जयपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात १९७५ साली सत्यनारायण गोएंका यांचे विपश्यना शिबिर झाले. समोर बेड्या घातलेले कैदी आणून बसवले, तेव्हा बेड्यांतल्या माणसाला धर्म कसा देऊ, असे म्हणून आपण त्या काढायला लावल्या, ही हकीकत गोएंका स्वतः सांगत. फिलाडेल्फियाच्या तोफेजवळ उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या प्रवचनकाराला हा प्रश्न विचारता आला असता. पुढे १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात एक हजाराहून अधिक कैद्यांचे शिबिर झाले.

मात्र आपल्या देशात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती विसरून भागणार नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती, आणि त्यांपैकी शेकडा ७५ हून अधिक कच्चे कैदी होते; म्हणजे ज्यांच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही असे. चारांतल्या तिघांना आपण पश्चात्ताप कशाचा शिकवणार? त्यांतल्या कित्येकांना प्रवचनाआधी वकील हवा, तारीख हवी, जामिनाची रक्कम हवी. ज्याचा खटला उभाच राहिला नाही त्याला मनःशांती देणे म्हणजे व्यवस्थेच्या दिरंगाईला गोड औषध देणे होय. भजनी मंडळाने भजन जरूर करावे. पण त्याच फेरीत एक वकील बरोबर न्यावा.

तेव्हा तुरुंगातल्या धर्मकार्याची वर्गणी मागायला कोणी आला तर त्याला तीन गोष्टी विचाराव्या. कैदी ‘नको’ म्हणाला तर त्याची खोली, जेवण, भेट, सुटकेची शिफारस, यांतले काही कमी होते काय? मोजता तेव्हा मध्येच गळालेल्यांनाही मोजता काय? आणि बाहेर पडेल त्या दिवशी त्याच्या हाताला काम आणि डोक्यावर छप्पर कोण देणार आहे? या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली तर तो गीता नेवो, बायबल नेवो, कुराण नेवो की नुसते मौन नेवो, आपण सढळ हाताने द्यावे. माणसाला देवाची ओढ तुरुंगातही लागते, कदाचित बाहेरच्यापेक्षा अधिक लागते, आणि ती कोणी हिरावून घेऊ नये. पण त्या ओढीच्या बदल्यात किल्ली देऊ करणे हा सौदा झाला. चार्ल्स विल्यम्सच्या कोठडीला झरोका होता आणि उजेड वरून येत होता. दार मात्र बाहेरून उघडत होते, आणि बाहेर आपण होतो.